लाल गाल, निळी छाती

माझ्या घराच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. विभागीय विज्ञान प्रदर्शनात शिक्षक गटातून मिळालेलं ते दुसरं बक्षीस. पूर्वी पाहुण्यांनी विचारायची खोटी, की मी पंधरा मिनिटं त्या बक्षिसाची कथा सांगायचो. हल्ली ‘मिळालं असंच’ एवढंच म्हणतो आणि चहाचं बघायला आत जातो. पुष्पा, माझी बायको, मात्र पाहुण्यांसमोरच म्हणते, ‘सांगा ना, दोन जाती कोणत्या होत्या ते.’ ती धुळ्याजवळच्या सोनगीरची आहे. माणसाला पळू द्यायचं नाही हे तिला माहेरीच शिकवलेलं असावं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. मी जळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि मेहरूणमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. गावात आपल्याइतकं वाचणारा दुसरा कोणी नाही अशी तेव्हा माझी समजूत होती. माझं वाचन म्हणजे रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली इंग्रजी पुस्तकं. त्यातही मी चित्रं जास्त वाचायचो.

आमच्या भिंतीला भिंत लावून अभिमन आबा राहायचे. मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त झालेले. उंच, काळेसावळे, हाडकुळे, मिशा पांढऱ्या. त्यांची बायको यशोदाअक्का गोरी, ठेंगणी, आबांच्या खांद्यालाही न लागणारी. त्याच्या दोन वर्षं आधी तिला लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून तिची खाट ओट्यावर असायची. जीभ मात्र शाबूत होती. सकाळी दूधवाला येण्याआधी त्या दोघांचं बोलणं सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. भाजीत मीठ किती, कोणत्या साली कोणती गाडी कुठल्या स्टेशनात अडकली, अक्काच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात कोण रुसलं होतं. सगळं भिंतीतून ऐकू यायचं. पेपर तपासताना मला त्याचा फार त्रास व्हायचा. मी एकदा पुष्पाला म्हणालोही, की ही दोघं पाच मिनिटं गप्प बसली तर किती बरं होईल. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

अक्काला मुंबईच्या डॉक्टरला दाखवायला नेलं होतं, तेव्हा येताना आबांनी बाजारातून पक्ष्यांची जोडी आणली होती. विकणारा म्हणाला होता, आफ्रिकेची जोडी आहे, बाईंना बघायला बरी. चिमणीच्या निम्म्याने असतील एवढेसे पक्षी. पाठ मातकट, तोंड आणि छाती आकाशी निळी. एकाच्या दोन्ही गालांवर कुंकवाची बोटं उमटावीत तसे लाल ठिपके, दुसऱ्याच्या गालांवर काही नाही. पिंजरा अक्काच्या खाटेसमोर टांगलेला असायचा. लाल गालाचा पक्षी चोचीत केरसुणीची काडी धरायचा, दुसऱ्याच्या शेजारी बसून खालीवर उड्या मारायचा आणि काडी न सोडता गायचा. अक्का ते तासन्‌तास बघायची आणि आबांना त्याची बातमी द्यायची. आबा आतून भाकरी थापता थापता ऐकायचे.

एक दिवस मी बाजरीचं पीठ द्यायला गेलो आणि पिंजऱ्यापाशी थबकलो. माझ्या रद्दीतल्या एका पुस्तकात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची चित्रं होती, आणि त्यातल्या एका पानावर हे दोन पक्षी शेजारी शेजारी होते. एक लाल गालाचा, एक निळ्या छातीचा. खाली दोन वेगवेगळी नावं. दोन्ही जाती आफ्रिकेतल्या.

मी घरी जाऊन पुस्तक आणलं आणि आबांना दाखवलं. ‘आबा, तुम्हाला फसवलं. ही जोडी नाही. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत.’

आबांनी चष्मा लावून चित्र बघितलं, पिंजरा बघितला. त्यांचं तोंड उतरलं. खाटेवरून अक्का म्हणाली, ‘मास्तर, त्या नवरा-बायको शेतस.’

मी तिला समजावून सांगितलं. रंग बघा, गाल बघा. सारखे दिसतात का?

‘हाऊ मानूस आनि मी, आम्ही सारखा दिसतस का?’ अक्का म्हणाली.

मी हसलो. विद्वान माणूस अडाणी माणसाच्या बोलण्यावर जसा समजूतदारपणे हसतो, तसं. ते हसू आठवलं की आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्या वर्षीचं विभागीय प्रदर्शन धुळ्याला होतं. मी विषय ठरवला: ‘आफ्रिकेतील दोन लहान पक्षी – तुलनात्मक अभ्यास.’ पुस्तकातलं ते रंगीत पान फाडलं आणि मैद्याची खळ करून एका मोठ्या पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलं. खळ चांगली चोपडली होती, एक कोपरासुद्धा सुटा ठेवला नाही. पानाच्या मागच्या बाजूला बारीक मजकूर होता. तो वाचावा असं मला वाटलं नाही. चित्र समोर होतं, दिसत होतं, अजून काय पाहिजे?

पुठ्ठ्यावर खाली तक्ता काढला. गाल: लाल, बिनलाल. शेपटी: जरा मोठी, जरा लहान. चोचीपाशी अडचण आली. पुस्तकातल्या निळ्या छातीच्या पक्ष्याची चोच करडी होती, आणि आबांकडच्या पक्ष्याची चोच चांगली गुलाबी होती, लाल गालाच्या चोचीइतकीच. मी थोडा वेळ विचार केला आणि तक्त्यावर करडी रंगवली. छापलेलं चुकणार नाही, पक्षी चुकला असेल, असं काहीसं मी मनाशी म्हणालो असणार. पुष्पा तिथेच गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘तुम्ही पुस्तकमा देखतस, अक्का पिंजरामा देखस.’ मी तिला गव्हाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

आबांनी दोन दिवसांसाठी पक्षी दिले. अक्काला विचारलं की नाही, मला माहीत नाही. दोन वेगळे पिंजरे घेऊन मी एसटीने धुळ्याला गेलो. मुख्य परीक्षक होते भाईदास सर, गणिताचे निवृत्त प्राचार्य, देवपुरात राहणारे. त्यांना पक्ष्यांची हौस होती. मी त्यांना अर्धा तास तुलना ऐकवली. सर मान डोलवत होते. दुसरं बक्षीस मिळालं, घड्याळ मिळालं, माझं नाव माइकवरून पुकारलं. त्या भरात सर सहज म्हणाले, ‘निळ्या छातीचा फार गोड आहे हो. असा मी कुठे बघितला नाही.’

आणि मी तो त्यांना देऊन टाकला.

दुसऱ्याचा पक्षी. न विचारता. ‘विज्ञानासाठी, सर’ असं काहीतरी मी म्हणालो. सरांनी ‘अहो, नको नको’ केलं आणि पिंजरा घेतला.

जळगावला परतल्यावर आबांना एक पिंजरा दिला आणि तोंड भरून समजावलं. दोन जाती एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला चोची मारून मारते, उलट आपण जीव वाचवला, मे महिन्यात मुंबईला जाणार आहे तेव्हा लाल गालाच्या जातीची खरी मादी आणून देतो. खाटेवरून अक्काने आबांना विचारलं, ‘तुम्ही दिन्हात?’

आबा बिचारे माझ्या बाजूने उभे राहिले. ‘मास्तर शिकेल मानूस शे. त्यासले कळस.’

अक्का त्यावर काही बोलली नाही. नंतरही नाही. म्हणजे आमच्याशी बोलायची, दूधवाल्याशी बोलायची, गल्लीतल्या कुत्र्याशीसुद्धा बोलायची, पण आबांशी एक शब्द नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायची. आबा खाटेपासून दोन हातांवर बसलेले असायचे आणि ती आमच्या घराकडे तोंड करून म्हणायची, ‘पुष्पा, त्या मानसले सांग, दूध उतू चालनं.’ पुष्पा इकडून म्हणायची, ‘आबा, दूध.’ आबा उठायचे. मग आबाही तसंच करू लागले. ‘मास्तर, तिले विचारा, गोळी लिन्ही का?’ मी पेपर बाजूला ठेवून ओट्यावर जायचो, विचारायचो, उत्तर आणायचो. पगार नसलेला पोस्टमन झालो होतो मी.

भिंतीपलीकडे शांतता झाली. मला हवी होती तशीच. त्या शांततेत माझा एकही पेपर नीट तपासून झाला नाही.

‘पक्षी दिन्हा तवपासून शे हे,’ पुष्पा म्हणाली. मी म्हणालो, आजारपण आहे, वय आहे, मेंदूत काही झालं असेल. पुष्पाने माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. एवढं खरं, की लाल गालाचा पक्षी आधी आठवडाभर रिकाम्या दांडीशेजारी काडी घेऊन उड्या मारत होता. पुढे त्याने काडी उचलणं सोडलं. आबा रोज केरसुणीची नवी काडी पिंजऱ्यात ठेवायचे. संध्याकाळी ती तिथेच पडलेली असायची. आबांचा सदरा अंगावर लोंबू लागला. एकदा मला म्हणाले, ‘मास्तर, मुंबईले कवय जातस?’ मी म्हणालो, सुट्टी लागू द्या.

सुट्टी लागली. मे महिना आला. जळगावचा मे ज्याने बघितला आहे त्याला काही सांगायला नको, आणि ज्याने बघितला नाही त्याला सांगून पटत नाही. आम्ही त्या वर्षी हप्त्याने कूलर घेतला होता. बक्षीसपात्र पुठ्ठा मी कूलरच्या बरोबर समोर टांगला होता, झोपताना नजरेसमोर राहावा म्हणून. आठवडाभर ओलसर वारा लागला आणि खळ सुटली. एका दुपारी डोळा लागत असताना फडफड ऐकू आली. बघतो तर रंगीत पान पुठ्ठ्यावरून निम्मं उलटून माझ्याकडे पाठ करून हलत होतं.

उठलो. पाठीमागचं वाचलं. लिहिलं होतं, की लाल गालाच्या जातीत मादीच्या गालांवर लाल ठिपका नसतो. त्यामुळे नवखे लोक तिला निळ्या छातीची जात समजतात. चोच बघावी. चोच गुलाबी असेल, तर ती लाल गालाचीच मादी.

इंग्रजी अगदी सोपं होतं. तरी मी शब्दकोश काढला. ‘फीमेल’ शब्दाचा काही वेगळा अर्थ निघतो का ते बघितलं. निघाला नाही. त्याच पानावर असंही होतं, की हा पक्षी आफ्रिकेचा असूनही दोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञाने तो बंगालचा समजून तसं नाव दिलं. मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे मोठी माणसंही चुकतात. मग आठवलं, की त्या शास्त्रज्ञाने कुणाची बायको उचलून धुळ्याला नेऊन दिली नव्हती.

पुष्पा जागी होती. मी तिला पान वाचून दाखवलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, ‘पाच महिना व्हयनात.’

मला रडू आलं. लपवत नाही. तो म्हातारा बायकोला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढला होता, त्याने तिला बघायला काही हवं म्हणून जोडी आणली होती, आणि मी एका फाडलेल्या पानाच्या जोरावर दोन जोड्या मोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने धुळ्याला निघालो. एरंडोलपर्यंत मी एक बहाणा तयार केला: पशुवैद्यकांकडून तपासणी करायची आहे. पारोळ्यापर्यंत दुसरा: पुण्याच्या कुणा संशोधकाला बघायचा आहे. पांझरेचा पूल येईपर्यंत तिसरा, तो आता आठवतही नाही. सरांच्या दारात लताबाई, त्यांच्या पत्नी, भेटल्या. त्यांनी मला ओळखलं आणि आधी म्हणाल्या, ‘बरं झालं आलात. तुमच्या पक्ष्याचं काहीतरी करा. माझ्याने बघवत नाही.’

मी चपला काढल्या.

‘दोनदा अंडी घातली हिने,’ लताबाई म्हणाल्या. ‘चार-चार. बसते, बसते, पंधरा दिवस जागची हलत नाही. अंड्यांतून काही निघत नाही. मग उठते आणि कोपऱ्यात बसून राहते. परवापासून पुन्हा घरट्यात कापूस नेते आहे.’

पिंजरा पडवीत होता. जवळ जाऊन बघितलं. चोच गुलाबी होती. ती तशीच गुलाबी होती पहिल्यापासून.

तिन्ही बहाणे घशात राहिले. भाईदास सर आतून आले तेव्हा मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. जात एकच आहे, ही मादी आहे, पानाची मागची बाजू मी वाचली नव्हती, चोच मी मुद्दाम करडी रंगवली, आणि पक्षी माझा नव्हताच. मी म्हणालो, ‘सर, बक्षीस परत करतो. घड्याळ घेऊन येतो.’

‘राहू द्या,’ सर म्हणाले. ‘तुमच्या गटात दोनच नोंदी होत्या. पहिलं सौरचुलीला गेलं. उरलेलं तुम्हाला.’

‘तिसरं कुणाला?’ मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

‘तिसरा कोणी नव्हता म्हणतोय ना.’

लताबाईंनी थांबायला सांगितलं. ऊन उतरल्यावर जा, एवढासा जीव भाजून निघेल. पण संध्याकाळपर्यंत थांबलो तर आबांच्या दारात जायचा धीर उरणार नाही अशी मला भीती वाटली. लताबाईंनी बांबूच्या टोपलीत मादी ठेवली, वरून ओल्या धोतराचं फडकं बांधलं, आणि माझा फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून दिला. दर अर्ध्या तासाने फडकं ओलं करा म्हणाल्या.

साडेअकराची गाडी. खिडकीतून आगीचा झोत येत होता. टोपली मांडीवर. मी फडकं ओलं करत होतो आणि ते बघता बघता वाळत होतं. पारोळ्याच्या पुढे तांब्यात दोन घोट उरले. मला तहान लागली होती, पण आतून काहीच आवाज येत नव्हता, तेव्हा तेही फडक्यावर ओतले. आतून बारीक चिक्‌ झालं. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, ‘काय शे टोपलीमा?’

‘मादी आहे,’ मी म्हणालो. ‘आमच्या शेजारच्या आबांची.’

‘जात कोन्ती?’

‘यशोदाअक्काला विचारावं लागेल,’ मी म्हणालो. तो माझ्याकडे बघून थोडा सरकून बसला.

अडीच वाजून गेल्यावर मेहरूणला पोहोचलो. घसा कोरडाठाक, सदरा पाठीला चिकटलेला. ओट्यावर उन्हासाठी बांबूच्या तट्ट्या सोडलेल्या होत्या. अक्का खाटेवर जागी होती. आबा दोन हातांवर जमिनीवर बसून तिला पंख्याने वारा घालत होते. दोघं गप्प. समोर लाल गालाचा पक्षी अंग फुगवून दांडीवर बसला होता.

मी आबांकडे बघितलं नाही. एसटीत ठरवलं होतं, सांगायचं तर अक्काला सांगायचं. खाटेपाशी खाली बसलो.

‘अक्का, तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं. ते नवरा-बायको आहेत. पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. मी वाचलं नाही. आबांची काही चूक नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.’

अक्काने टोपलीकडे बोट केलं. मी पिंजऱ्याचं दार उघडून मादीला आत सोडलं. मला वाटलं होतं आता नर काडी उचलेल, नाचेल, गाईल. तसं काही झालं नाही. मादी थेट वाटीवर गेली आणि राळ्याचे दाणे टिपू लागली. नर दांडीवरून उतरला, तिच्या शेजारी जाऊन बसला आणि नुसता बसून राहिला.

‘भूक लागेल शे तिले,’ अक्का म्हणाली.

आबांच्या हातातला पंखा थांबला होता. मी मान खाली घालून बसलो होतो. माफी मागून झाली होती, आणि जिभेला ओल नव्हती. अक्काने माझ्याकडे बघितलं, माझ्या ओठांकडे, मग पुष्पाच्या दाराकडे. आता ती पुष्पाला हाक मारेल असं मला वाटलं. तिने मान वळवली.

‘आयकतस का,’ ती आबांना म्हणाली. ‘मास्तर उन्हमा उनात. त्यासले पानी द्या.’

आबा उठले. त्यांना उठायला वेळ लागला. भिंतीला धरत आत गेले. मी बाहेर बसलो. माठाच्या झाकणाचा आवाज आला नाही, पेल्याचा आला नाही, दबका हुंदका आला. आत आबा रडत होते आणि ते बाहेर ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी तोंडात पंचा धरला असावा. अक्का पिंजऱ्याकडे बघत होती. तिलाही ऐकू येत होतं.

मी टोपली उचलली आणि हळूच उठलो. पाणी मी घरी जाऊन प्यालो.